कानशीच्या रेघा

शिंपी : नाही, तक्रार अशी नाहीच, काका. आवाजाला तर नाव ठेवायला जागाच नाही. घरी पहिल्यांदा वाजवली तेव्हा शेजारीण विचारायला आली, नवा रेडिओ घेतलात का म्हणून.

कारागीर : मास्तर, आल्यापासून तुम्ही आवाजाचंच कौतुक करताय. नुसतं कौतुक करायला कोणी गिटार पाठीला बांधून सायकल मारत येत नाही. काय असेल ते बोला. गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावताना शिंपी जसा हवापाण्याच्या गप्पा काढतो, तसं चाललंय तुमचं.

शिंपी : तसंच आहे ते. पोट वाढलंय हे तोंडावर कसं सांगणार?

कारागीर : या गिटारीचं पोट मी स्वतः कोरलंय. फुगीर आहे, कारण आर्चटॉपचं पोट फुगीरच असतं. त्याबद्दल असेल तर सांगा बिनधास्त.

शिंपी : पोटाबद्दल नाही. हे बघा, डाव्या हाताचं बोट.

कारागीर : चिकटपट्टी कसली? सुई घुसली?

शिंपी : सुईचं आणि माझं तीस वर्षांचं घरोब्याचं नातं आहे, ती मला काही करत नाही. वाजवताना हात मानेवरून खाली सरकला ना, की कडेला त्या पट्ट्यांची टोकं... जरा लागतात.

कारागीर : फ्रेटची टोकं लागतात? माझ्या गिटारीची?

शिंपी : जरा. अगदी जरा.

कारागीर : ठेवता कुठे तिला? इस्त्रीच्या टेबलाशेजारी ठेवली असणार. गरम कोरड्या हवेत लाकूड आकसतं, धातू काही आकसत नाही. मग टोकं बाहेर येणारच.

शिंपी : आतल्या खोलीत, पेटीत, शेजारी ओल्या स्पंजची डबी. तुम्ही सांगितलं होतं तस्सं. बायको म्हणते, मुलांना एवढं जपलं नाहीत.

कारागीर : बरं, पुसायला म्हणून सगळ्या तारा एकदम काढल्या होत्यात?

शिंपी : छे! तुम्ही दम दिला होता ना, की आर्चटॉपची घोडी चिकटवलेली नसते, नुसत्या तारांच्या दाबावर उभी असते. सगळ्या तारा सोडल्या की ती सरकते आणि सूर घर सोडतात. मी एकेक तार सोडतो आणि लावतो. आणि आता बोलायलाच बसलोय तर सांगून टाकतो. तिसरी तार पाचव्या पट्टीवर झणझणते. दुसरी सातव्या पट्टीवर. मला वाटलं माझाच हात कच्चा. महिनाभर मी गप्प होतो.

कारागीर : महिनाभर?

शिंपी : तुमच्या कामात खोट काढायची म्हणजे माझ्याच्यानं होईना. पण शनिवारी आमचा कार्यक्रम आहे, वाचनालयाच्या सभागृहात. मी, पोस्टमन आणि आमचे दाताचे डॉक्टर. आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर बसणार. म्हटलं, लोकांनी झणझण ऐकण्यापेक्षा काकांचे चार शब्द ऐकलेले परवडतील.

कारागीर : मास्तर, या दुकानाला एकतीस वर्षं झाली. मी स्वस्तात गिटारी करतो, सांगेल त्याच्या मापानं करतो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. काटकसर कुठे करतो, माहीत आहे? शिंपल्यांची नक्षी नाही, सोनेरी खुंट्या नाहीत, आरशासारखं पॉलिश नाही. पण फ्रेटमध्ये आणि जुळवणीत मी एका कानशीचीही काटकसर केलेली नाही. माझी एकही गिटार परत आलेली नाही. मी घरात सांगून ठेवलंय, ज्या दिवशी फ्रेटपायी एक जरी गिटार परत येईल, त्या दिवशी या दाराला कुलूप.

शिंपी : अरे देवा. मग मी आलोच नव्हतो असं समजा. घेऊन जातो परत.

लेक : बाबा, चहा झालाय, मागे येताय की इथेच... अगंबाई, मास्तर! गिटारीसकट?

कारागीर : ये, ठमाबाई, ये. ऐक यांचं. यांना माझे फ्रेट टोचतात.

लेक : टोचतात? हं... असेल काहीतरी बारीकसं. ठेवून जा ना मास्तर, मी बघते. परवा सकाळी न्या.

कारागीर : तू काय बघणार?

लेक : तारा वगैरे. तुम्ही चहा घ्या, निवतोय.

कारागीर : तारा नाहीत, फ्रेट म्हणतायत ते. फ्रेट तुझं काम नाही. तू पॉलिश बघतेस, तारा चढवतेस, गिऱ्हाइकांशी गोड बोलतेस. आणि आधी दोष सिद्ध तर होऊ दे, मग दुरुस्तीला धाव.

लेक : सिद्ध कशाला करायचं? शनिवारी त्यांना वाजवायचंय ना?

शिंपी : तुम्हाला कसं कळलं शनिवारचं?

लेक : दाराबाहेर ऐकलं. हळू बोलतं का कोणी या घरात?

शिंपी : काका, रागावणार नसाल तर एक विचारू? आमच्या पोस्टमनची गिटार तुमच्याचकडची. गेल्या वर्षीची. अशीच साधी, बिननक्षीची.

कारागीर : आहे ना. त्याला रुंद मान हवी होती, बोटं जाड म्हणून.

शिंपी : ती मी परवा हातात घेतली. तिची कड म्हणजे... कोटाचं घासून गुळगुळीत झालेलं जुनं बटण असतं ना, तशी. हात वरपासून खालपर्यंत सरकतो आणि मध्ये काही आहे हे कळतसुद्धा नाही. एकही तार झणझणत नाही. मी त्याला म्हटलं, लेका, एकाच दुकानातली, तुझी अशी आणि माझी अशी?

कारागीर : एकाच दुकानातली आणि एकाच हातची.

शिंपी : तेच तर अडलंय. शिंपी आहे ना मी. दहा शर्ट समोर टाका, कोणतं काज कोणी काढलंय ते सांगतो. टाका घालणाऱ्याचा हात लपत नाही. मी दोन्ही गिटारी शेजारी ठेवल्या आणि रफूचं भिंग लावून पाहिलं. पट्टी गोल करताना कानस फिरवल्याच्या बारीक रेघा असतात ना कडेला? माझ्या गिटारीच्या एका बाजूला कलतात. पोस्टमनच्या गिटारीच्या उलट्या बाजूला.

कारागीर : म्हणजे काय?

शिंपी : म्हणजे ती करणारा डावखुरा आहे, काका.

लेक : मास्तर, चहा घेणार का तुम्ही? साखर किती?

शिंपी : तुमच्याकडे कोणी डावखुरा कारागीर असेल, तर माझं एवढंच म्हणणं होतं की माझ्या गिटारीवर एकदा त्याचा हात फिरू द्या. तो हात मला हवाय. एवढ्यासाठीच आलो होतो मी.

कारागीर : या दुकानात डावखुरं एकच माणूस आहे. आणि ते आत्ता साखर विचारतंय.

लेक : बाबा, रेघा काय, कशाही पडतात. मी पॉलिश करताना पडल्या असतील.

कारागीर : माझ्याकडे बघून बोल.

लेक : बघूनच बोलतेय.

कारागीर : चहाच्या कपाकडे बघतेयस. जाऊ दे. द्या ती गिटार इकडे, मास्तर. या गिटारीच्या फ्रेटवर मी तीन दिवस घातलेत. ही तेव्हा आठवडाभर सासरी गेली होती, सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन होतं. म्हटलं, पोरगी यायच्या आत काम पुरं करून गिऱ्हाइकाच्या हातात देऊ. नाहीतर ही रोज म्हणते, थांबा बाबा, अजून नको द्यायला, पॉलिशचा एक हात राहिलाय. हिला न विचारता दिलेली ही पहिली गिटार. हे बघा, बोट फिरवतो. वरपासून. एक, दोन, तीन... कुठंय धार? लोण्यासारखी आहे. परत फिरवतो, दाबून फिरवतो. दाखवा मला, कुठे आहे ते.

शिंपी : काका...

कारागीर : काय काका? आहे का काही?

शिंपी : काका, बोटातून रक्त येतंय तुमच्या.

कारागीर : कुठे?

लेक : बाबा, सोडा ती. इकडे द्या हात. सोडा म्हणते ना!

कारागीर : कधी लागलं हे?

लेक : आत्ता. हात वर धरा. मास्तर, त्या खणात कापूस आहे, डाव्या हाताला. नाही, त्याच्या खालच्या.

कारागीर : मला काहीच लागलं नाही गं.

लेक : माहीत आहे मला.

(मास्तर कापूस देतात, लेक बोट बांधते.)

कारागीर : काय माहीत आहे तुला?

लेक : तुमच्या बोटांच्या टोकांना लागत नाही ते. दोन वर्षं झाली. गरम कढई तुम्ही नुसत्या हातानं उतरवलीत आणि वर मलाच हसलात, चिमटा शोधत होते म्हणून. दुसऱ्या दिवशी फोड आले. तुम्हाला ते फोड डोळ्यांनी बघून कळले.

कारागीर : साखरेच्या त्रासात होतं थोडं तसं. डॉक्टर म्हणाले होते.

लेक : डॉक्टर म्हणाले होते की टोकदार कामं सोडा. तुम्ही मला येऊन सांगितलंत, डॉक्टर म्हणतात तब्येत ठणठणीत आहे.

कारागीर : तुला कोणी सांगितलं?

लेक : मी जाऊन विचारलं.

कारागीर : वा. म्हणजे बाप घरात खोटं बोलतो आणि लेक दुकानात. आणि फ्रेट?

लेक : तुम्ही झोपेतून उठायच्या आत मी खाली येते. तुम्ही बसवलेले फ्रेट बरेचदा आत नीट बसलेले असतात, ते मी हलवत नाही. उंचसखल असतील ते सारखे करते, टोकं गोल करते. तुम्ही उठून येता, बोट फिरवता आणि म्हणता, झकास. मग मी तारा चढवते.

कारागीर : किती गिटारी?

लेक : आता ते कशाला?

कारागीर : किती?

लेक : गिऱ्हाइकांकडे गेलेल्या तेवीस. मास्तरांची मी केली असती तर चोवीस.

कारागीर : तेवीस. आणि तेवीस माणसं मला येऊन सांगून गेली, काका, काय हात आहे तुमचा. मी मान डोलवली. तू तिथेच उभी असायचीस, फडकं घेऊन.

लेक : हो.

कारागीर : हसू येत असेल.

लेक : हसू? बाबा, मला काय येत असेल याचा विचार तुम्ही आज पहिल्यांदा करताय. मलाही वाटायचं, एकानं तरी म्हणावं की हे काम हिचं आहे. आज मास्तर म्हणाले, तो हात मला हवाय, आणि मी काय विचारलं? साखर किती.

शिंपी : चुकलंच माझं. मी तोंड उघडायलाच नको होतं. शिंप्यानं कापड बघावं, लोकांच्या घरातली शिवण उसवू नये.

कारागीर : तुम्ही बसा हो. तुमचं काही चुकलं नाही. तुमचं बोट माझ्यामुळे फाटलं. ठमे, मला आधी का नाही सांगितलंस?

लेक : कुलूप. तुम्हीच म्हणता ना उठताबसता? गिटार परत आली की दाराला कुलूप. तुम्ही बोललेलं करता, हीच तर पंचाईत. आई गेल्यावर मी इथे राहायला आले, तेव्हा तुम्ही दोन महिने खुर्चीत बसून होतात. पुन्हा उठलात ते एक फळी वाजवून बघायला. मी ते कुलूप कसं लागू देऊ? माझ्यापुढे दोनच रस्ते होते, सांगायचं किंवा पहाटे उठायचं. मी पहाटे उठले.

कारागीर : आणि आज गिटार आली परत.

लेक : आली.

कारागीर : तीन दिवस, मास्तर. शप्पथ सांगतो, एवढं मन लावून मी गेल्या कित्येक वर्षांत काम केलं नव्हतं. रेडिओसुद्धा लावला नाही. मला वाटलं, अजून आहे हातात. एकट्यानं करून दाखवली म्हणून त्या दिवशी मी स्वतःच्या हातानं शिरा करून खाल्ला, साखर न घालता. आणि ती निघाली ही. बोटं गेली, म्हणजे माझं या दुकानात काय उरलं?

शिंपी : काका, लहान तोंडी मोठा घास घेतो. मला बोट कापतंय महिनाभर, तरी मी रोज वाजवत होतो. चिकटपट्टी लावून. का? आवाजासाठी. पोस्टमनच्या गिटारीत आणि माझ्या गिटारीत एक गोष्ट मात्र अगदी एकसारखी आहे, तो आतला आवाज. कड कोणाचीही असो, तो दोन्हीकडे एकाच माणसाचा आहे. तेवढं मला भिंगाशिवाय कळतं.

कारागीर : गिऱ्हाइकाला बरं वाटावं म्हणून तुम्ही बोलता तसं बोलताय.

लेक : नाही बोलत. गिटारीच्या पोटासाठी मी दोन फळ्या कोरायचा प्रयत्न केला, बाबा. तुम्ही बाहेरगावी होतात तेव्हा. एक मधोमध फाटली. दुसरीला टिचकी मारली तर खोक्यासारखी वाजली. दोन्ही जाळल्या, तुम्हाला कळू नये म्हणून.

कारागीर : कुठली फळी जाळलीस? ती मागच्या भिंतीला टेकवलेली? दहा वर्षं वाळवलेली?

लेक : तीच.

कारागीर : अगं, कार्टे! ती मी... ती मी शोधून शोधून थकलो! मला वाटलं, म्हातारचळ लागला, कुठे ठेवली आठवत नाही!

लेक : ओरडा. हे बरं आहे. ओरडा अजून.

कारागीर : टिचकी मारून मग थांबायचं असतं. पुन्हा कोरायचं, पुन्हा टिचकी. लाकूड सांगतं. त्याला बोटं लागत नाहीत, कान लागतो.

लेक : तेच म्हणतेय मी.

कारागीर : फार शहाणी झालीस. बरं, ती वर टांगलेली गिटार काढ. उद्या जाणारी, बाईंची, शाळेतल्या.

लेक : कशाला?

कारागीर : तू हात फिरवलायस ना तिच्यावर?

लेक : परवा पहाटे.

कारागीर : आण इकडे. बोटाला कळत नाही, गालाला तरी कळेल. धर जरा, मला मान वाकवू दे. हं. सरकव खाली. हळू. परत वर घे. हं.

लेक : दाढी वाढलीय तुमची, पॉलिशला चरे पडतील.

कारागीर : गप्प बस. हे असं टोक गोल करायला कोणी शिकवलं? मी असं करत नाही.

लेक : करायचात. मी शाळेत होते तेव्हाच्या तुमच्या गिटारी अशाच असायच्या. या टेबलाखाली बसून मी अभ्यास करायचे, वरून तुमचा हात दिसायचा. तेवढंच बघून शिकले.

कारागीर : हं. बाराव्या फ्रेटला जरा जास्त घासलंयस.

लेक : कुठे? बाराव्याला? बघू.

कारागीर : बघू काय, आहेच. गालाला लागला तो खड्डा. बाईंना कळणार नाही, पण पुढच्या वेळी तिथे हात आवर.

लेक : डावीकडून दाब जास्त पडतो माझा.

कारागीर : मग कोपर टेबलाला टेकवून कर. आणि हे बघ, पहाटे उठायचं बंद. चोरासारखं काम करायचं नाही माझ्या दुकानात. दुपारच्या उजेडात बसायचं, त्या खिडकीपाशी.

लेक : खिडकीपाशी तर तुमचं टेबल आहे.

कारागीर : मला कोरायला उजेड लागत नाही. माझं टेबल मागे ओढू. मास्तर, धराल का एक बाजू?

शिंपी : धरतो की. पण काका, माझं शनिवारचं?

कारागीर : ते आधी. परवा सकाळपर्यंत होईल का गं?

लेक : टोकं आज होतील. उंचसखल सारखं करायला उद्याचा दिवस. मग तारांची उंची. पण ती लावण्याआधी त्यांचा हात बघायला हवा, जोरात वाजवतात की हलक्यानं.

शिंपी : हात म्हणजे, मी आपला... भीती वाटली की जोरात वाजवतो.

लेक : मग शनिवारी जोरातच वाजवणार तुम्ही.

कारागीर : त्या स्टुलावर बसा, मास्तर. घरी वाजवता तसं वाजवा, काही दाखवायला म्हणून नको. कडेला फडकं गुंडाळतो, बोट सांभाळा.

शिंपी : असा बसू? जरा तुमच्याकडे वळून?

कारागीर : माझ्याकडे वळून काय करता? तिच्याकडे तोंड करून बसा.